सोसायटीची टाकी, एसटीपी आणि चेंबर: ट्रायपॉड घ्यावा की डॅव्हिट आर्म?

घोडबंदर_फॅसिलिटी

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या तीन इमारतींच्या सोसायटीसाठी साहित्य घ्यायचं आहे. माणूस उतरतो अशा जागा तीन.

क) बेसमेंटमधली पाण्याची टाकी. तोंड ६०० × ६०० मिमी, खोली ३.२ मी. तोंडाच्या बरोबर वरून तुळई जाते, तिचा तळ जमिनीपासून २.१५ मी.

ख) एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची) कलेक्शन टाकी. ६०० मिमीचं गोल झाकण, खोली ४.५ मी. झाकणाच्या कडेपासून कंपाउंड वॉल ४० सेंमीवर. वरचा स्लॅब १५० मिमी.

ग) पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यातले ड्रेनेज चेंबर, खोली २ ते २.५ मी.

आजवर कंत्राटदार ॲल्युमिनियमची शिडी, नायलॉनचा दोर आणि कंबरपट्टा घेऊन येतो. कमिटीकडे दोन कोटेशन आहेत: एक विंचसकट (हँडल फिरवून दोर गुंडाळणाऱ्या यंत्रासकट) ट्रायपॉडचं, म्हणजे तोंडावर उभ्या करायच्या तिपाईचं, दुसरं डॅव्हिट आर्म, म्हणजे बेसवर उभ्या खांबाला पुढे आलेला हात, आणि दोन बेसचं. ट्रायपॉडवाला म्हणतो, "एकच घ्या, सगळीकडे चालतो." खरंच चालतो का?

महापे_सेफ्टी

साहित्याकडे नंतर येऊ. आधी प्रत्येक जागेसाठी एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून काढा: आतला माणूस तळाशी बेशुद्ध पडला, तर दुसरा कोणीही आत न उतरता त्याला वर कसा काढणार? मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. एवढ्या वेळात १०१ ला फोन लावून गाडी दारात येत नाही. म्हणून अँकर (दोर ज्याला टांगायचा तो आधार) निवडायचा तो माणूस आत कसा जातो यावरून नाही, बाहेर कसा येतो यावरून.

या कसोटीवर कंबरपट्टा पहिल्याच फेरीत बाद. बेशुद्ध माणूस कंबरेतून लटकला की दुमडतो, श्वास कोंडतो, आणि डोकं-पाय दोन्ही खाली गेल्यामुळे ६०० च्या तोंडातून निघत नाही. फुल बॉडी हार्नेसच (खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे पट्टे) हवा, भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपीय मानक ईएन ३६१ चा, आणि त्याला खांद्यांवरही दोन रिंगा हव्यात. का, ते कोणीतरी पुढे सांगेलच.

दोर हाताने ओढू, हेही डोक्यातून काढा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये पट्टा, दोर आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हाती, असं लिहिलेलं होतं. पण ओल्या कपड्यांतलं ८० किलोचं निश्चल शरीर साडेचार मीटर सरळ वर खेचणं दोघा धडधाकट माणसांनाही जमत नाही. दोर झाकणाच्या कडेवर घासतो आणि ताकद तिथेच जाते. यांत्रिक विंच हवाच.

आणि ख, ग बद्दल स्पष्ट बोलतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवायला बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. चेंबरला जेटिंग (जोरदार पाण्याच्या झोताचं) आणि सकर (गाळ ओढून घेणारं) मशीन लावा. एसटीपीचा पंप गाइड रेलवर बसवून घ्या, म्हणजे तो साखळीने वर येतो आणि दुरुस्तीसाठी कोणाला उतरावं लागत नाही. त्या गाइड रेलचा खर्च डॅव्हिटच्या कोटेशनच्या आधी कमिटीपुढे ठेवा.

तुर्भे_रिगर

वरच्याशी पूर्ण सहमत. आता ट्रायपॉड.

चांगल्या ट्रायपॉडवर ईएन ७९५ टाइप बी असा शिक्का असतो. धातूच्या अँकरची त्यातली चाचणी १२ किलोन्यूटनची (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). माणूस पडून थांबतो तेव्हा शरीरावर जास्तीत जास्त ६ किलोन्यूटन येऊ द्यायचे असतात, म्हणून अँकर त्याच्या दुप्पट. शिक्का नसलेला, "लोकल फॅब्रिकेटरने मस्त जाड पाइपचा केलाय" असा ट्रायपॉड माल उचलायला ठेवा, माणसासाठी नको.

बिघाड बहुतेक वेळा पायांपाशी होतो. पाय उभ्या रेषेशी ३० अंशात असले आणि डोक्यावर ६ किलोन्यूटन आले, तर प्रत्येक पायात सुमारे २.३ किलोन्यूटन दाब येतो आणि पायाचं टोक बाहेर सरकवणारा जोर १.१५ किलोन्यूटन. म्हणजे टोक जागेवर राहायला घर्षणाचा गुणांक किमान ०.५८ हवा. ओल्या लादीवर किंवा शेवाळलेल्या स्लॅबवर तो मिळत नाही, पाय फाकतात आणि डोकं खाली येतं. म्हणून तिन्ही पायांच्या टोकांतून जाणारी साखळी किंवा पट्टा दरवेळी लावायचा, ताणून. पिशवीत राहिलेली साखळी हा ट्रायपॉडच्या अपघातातला नेहमीचा भाग आहे.

पेव्हर ब्लॉकवर वेगळीच गंमत होते: पाय एका ब्लॉकच्या कडेवर आला की तो ब्लॉक कलतो. प्रत्येक पायाखाली ३०० × ३०० मिमीचा, १९ मिमी प्लायचा तुकडा द्या. रबरी तळवा कडक जागेवर, टोकदार बाजू मातीवर. दोन्ही बाजू एकाच पायाला असतात, उलटून लावायच्या. पायांची लांबी कमीजास्त करून डोकं तोंडाच्या बरोबर मध्यावर आणा, आणि लॉक पिन पूर्ण आरपार गेल्यात का ते बोटाने चाचपून बघा.

विंच पायावरच्या ठरलेल्या ब्रॅकेटलाच बसवायचा. दोर डोक्यावरच्या पुलीतून येऊन त्याच पायाने खाली उतरला पाहिजे. विंच शेजारच्या खांबाला बांधला की ओढ त्रिकोणाच्या बाहेर जाते आणि अख्खा ट्रायपॉड आडवा येतो.

ठाणे_स्थापत्य

ख साठी कंपाउंड वॉलचं गणित करून दाखवतो, कारण "भिंत आहे म्हणून ट्रायपॉड बसत नाही" असं सरसकट म्हटलं जातं.

डोकं २.१ मी. उंच, पाय ३० अंशात, तर पायांची टोकं मध्यापासून सुमारे १.२ मी.वर पडतात. झाकणाच्या मध्यापासून भिंत ३० + ४० = ७० सेंमी. एक पाय सरळ भिंतीकडे केला तर बसत नाही. पण ट्रायपॉड फिरवून दोन पाय भिंतीच्या बाजूला घेतले, तर भिंतीच्या दिशेने अंतर निम्मं होतं: ६० सेंमी. बसतो, वर १० सेंमी राहतात. तिसरा पाय मोकळ्या बाजूला येतो, त्याच्या डाव्या-उजव्या मोकळ्या भागातून माणूस बाहेर घ्यायचा.

डॅव्हिट मात्र त्या स्लॅबवर नको. आर्मची पोच ७५० मिमी धरली आणि टोकाला १२ किलोन्यूटन, तर बेसवर ९ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (उलटवणारा पीळ) येतो. बेसप्लेटच्या बोल्टांमध्ये २०० मिमी अंतर असेल तर ओढीकडच्या दोन बोल्टांवर मिळून ४५, म्हणजे एकेकावर २२.५ किलोन्यूटन. २५० मिमी अंतराची प्लेट घेतली तर १८ होतात. एम १६ चा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला १६ मिमीचा बोल्ट) साधारण १२५ मिमी आत जातो. स्लॅब १५० चा. खाली २५ मिमी उरतं. नेहमीच्या तक्त्यांत एवढ्या अँकरला १६० मिमीच्या आसपास जाडी लागते, त्यात झाकणाच्या कडेजवळ भोक पडलं तर काँक्रीटचा शंकूच निसटतो.

दुसरी बाब, एसटीपीच्या टाकीचा स्लॅब खालून निरोगी असेलच असं नाही. हायड्रोजन सल्फाइडपासून जीवाणू सल्फ्युरिक ॲसिड तयार करतात आणि पाण्याच्या पातळीवरचं काँक्रीट, म्हणजे नेमका हाच स्लॅब, खालून भुसभुशीत होतो. वरून टाइलसारखा गुळगुळीत दिसतो. हातोड्याने ठोकून पोकळ आवाज ऐका, झाकण काढल्यावर टॉर्च लावून कडेची जाडी मोजा, सळई उघडी पडलीय का बघा. शंका असेल तर ट्रायपॉडचे पायही त्या स्लॅबवर नकोत. पाय टाकीच्या काँक्रीट भिंतीच्या वरच्या रेषेवर येतील असे घ्या.

घोडबंदर_फॅसिलिटी

गणित पहिल्यांदाच कोणी असं मांडून दिलं, मनापासून आभार. क बद्दल? आणि आमच्या प्लंबरकडे एक टनी चेन ब्लॉक आहे, तो ट्रायपॉडला लावला तर विंचचे पैसे वाचतील का?

तळोजा_प्रशिक्षक

चेन ब्लॉक अजिबात नको. एक मीटर उचलायला हातसाखळी पंचवीस-तीस मीटर ओढावी लागते, ती तोंडात लोंबते आणि माणसाच्या गळ्यात अडकते. शिवाय तो मालासाठी बनवलेला आहे. ब्रेक निसटला तर मागे काहीच नाही.

दोन स्वतंत्र दोर हवेत. एक विंचचा, वरखाली करण्यासाठी. दुसरा आपोआप आत-बाहेर होणारा फॉल अरेस्टर, ईएन ३६० चा, ज्यात सुटकेचं हँडलही असतं. हँडल असलेल्यावर ईएन १४९६ सुद्धा लिहिलेलं बघा. त्यात क्लास ए फक्त वर उचलतो. क्लास बी उचलतो आणि जास्तीत जास्त २ मी. खालीही सोडतो. तोंडाखाली हात-पाय अडकला की थोडं खाली सोडून पुन्हा उचलावं लागतं, त्यामुळे माझी पसंती बी ला.

नेहमीची २ मीटरची शॉक ॲब्सॉर्बर लॅनयार्ड (हार्नेस आणि अँकर जोडणारी, झटका शोषणारी दोरी) इथे निरुपयोगी आहे, तरी कंत्राटदार तीच दाखवतात. दोरी २ मी., ॲब्सॉर्बर उघडतो तो १.७५ मी.पर्यंत, हार्नेसच्या रिंगेपासून तळपायापर्यंत १.५ मी., वर १ मी. सुरक्षित अंतर: एकूण सव्वासहा मीटर. तुमची टाकी ३.२ ची. माणूस तळावर आपटेपर्यंत लॅनयार्डला थांबवायची संधीच मिळत नाही. फॉल अरेस्टर त्या मानाने खूप कमी अंतरात धरतो, पण तो डोक्याच्या बरोबर वर असेल तरच.

आता खांद्याच्या रिंगा. पाठीच्या रिंगेतून उचललं की शरीर पुढे झुकतं, हनुवटी आणि गुडघे पुढे येतात आणि तोंडाच्या कडेला अडकतात. खांद्यांच्या दोन रिंगांना स्प्रेडर बार (दोन्ही रिंगा अलग धरणारी आडवी दांडी) लावून उचललं तर माणूस उभा आणि सरळ येतो. ६०० च्या तोंडाला हा फरक निर्णायक आहे.

विकत घेताना विक्रेत्याला तुमच्या आवारात चाचणी द्यायला लावा. सिमेंटच्या दोन गोण्या मजबूत लिफ्टिंग बॅगेत, म्हणजे १०० किलो. टाकीच्या तळापासून तोंडाबाहेर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. एकट्या माणसाला हँडल फिरवता आलं पाहिजे, कारण दुसऱ्याचा हात फॉल अरेस्टरवर असणार. मधेच हँडल सोडून बघा. गोण्या इंचभरही खाली सरकता कामा नयेत. सगळा दोर सोडल्यावरही ड्रमवर तीन वेढे शिल्लक राहतील एवढी लांबी घ्या.

ठाणे_स्थापत्य

क ला खरी अडचण उंचीची. तुळई २.१५ वर, म्हणजे ट्रायपॉडचं डोकं फार तर १.९० वर ठेवता येईल. खाली पुली आणि हुक १५ सेंमी, स्प्रेडर बार ३० सेंमी, खांद्यापासून तळपाय १.४० मी. बेरीज १.८५. म्हणजे पूर्ण उचलल्यावर पाय तोंडाच्या जेमतेम ५ सेंमी वर. उंच माणूस असला तर तेवढेही नाही, आणि बाजूला घेताना पाय आत लटकतात.

तुळईलाच अँकर घेतला तर पाव मीटर उंची परत मिळते. पण तुळईच्या तळात भोक पाडू नका. तिथे मुख्य सळया असतात आणि काँक्रीट ओढीखाली असल्याने तडकलेलं असतं. तुळईच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या प्लेटा आणि मध्य-उंचीतून आरपार जाणारे बोल्ट घ्या. मग बोल्टवर कातरबल येतं, उपटणारी ओढ येत नाही. प्लेटा खाली जोडून त्या पट्टीला आयबोल्ट. भोकं आधारापासून दूर, शक्यतो गाळ्याच्या मधल्या भागात. सळया आणि रिंगा कुठे आहेत ते रीबार स्कॅनरने आखून मगच ड्रिल. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी हवी, आणि तुळई पोस्ट-टेन्शन्ड (आत ताणलेल्या केबल असलेली) असेल तर हा विषय तिथेच बंद.

टाकीत क्लोरीन आणि ओलावा कायम, म्हणून बोल्ट-आयबोल्ट एसएस ३१६ चे. खाडीच्या वाऱ्यात ३०४ वर डाग धरतात.

तुर्भे_रिगर

आयबोल्ट घेतलात तर विंच कुठे बसवणार ते आधी ठरवा. आयबोल्टला पुली आणि विंच खांबाला, असं केलं तर पुलीवर ओढीच्या जवळपास दुप्पट भार येऊ शकतो आणि तो तिरका येतो. ब्रॅकेट तसा डिझाइन करून घ्या, नाहीतर सुटकेचं हँडल असलेला फॉल अरेस्टर थेट आयबोल्टला टांगा आणि ये-जा शिडीने ठेवा. ३.२ मी.साठी मला दुसरं बरं वाटतं. फक्त त्याचं हँडल तेवढ्या उंचीवर उभ्या माणसाच्या हाताला येतं का, ते टांगून बघा. शिवाय त्याची स्वतःची लांबी ३०-३५ सेंमी असते, ती उंचीतून वजा होते.

शिडी: वर तोंडाच्या १ मी. बाहेर, चारास एक असा उतार, वर बांधलेली. बांधणी एका हिसक्यात सुटणारी ठेवा, कारण सुटकेच्या वेळी शिडी आधी बाहेर काढावी लागते. ६०० च्या तोंडात शिडी आणि माणूस दोन्ही मावत नाहीत. दोराची शिडी नको, पाय टेकवताना ती पायाखालून पुढे सरकते. जुन्या चेंबरमधल्या बिडाच्या पायऱ्यांवर चढणंही नको, आणि त्यांना हुक अडकवणं तर मुळीच नको.

महापे_सेफ्टी

एक भर. पाण्याची टाकी "स्वच्छ" म्हणून तिथे गॅस बघत नाहीत. बेसमेंटमध्ये डिझेल पंप किंवा जनरेटर चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत शिरू शकतो. ब्लीचिंग पावडर आणि डाग काढायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. आतून इपॉक्सी कोटिंग केलं तर सॉल्व्हंटची वाफ. चार गॅसचा मीटर झाकण पूर्ण उघडण्याआधी फटीतून, मग वर, मध्ये आणि तळाशी, ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणात तो हवेत पेट घेतो त्याच्या) १० टक्क्यांखाली. क्लोरीन चार गॅसच्या मीटरवर दिसत नाही, त्यासाठी वेगळा सेन्सर. आणि मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालूच राहतो, कारण गाळ ढवळल्यावर हायड्रोजन सल्फाइड नव्याने सुटतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणंच बंद होतं, तेव्हा "वास गेला" याचा अर्थ गॅस गेला असा घेऊ नका.

आत ताजी हवा ढकलणाऱ्या ब्लोअरची नळीही तोंड अडवते. २०० मिमीची नळी ६०० च्या तोंडात घातली की माणसाला उरतं काय? टाकीला दुसरं तोंड असेल तर नळी तिथून. नसेल तर चंद्रकोरीच्या आकाराचा चपटा जोड मिळतो, तो तोंडाच्या कडेला चिकटून बसतो.

रबाळे_मेंटेनन्स

धागा सोसायटीचा आहे, पण एमआयडीसीतल्यांसाठी विचारतो. रिॲक्टरला बाजूने मॅनवे (माणूस आत जायचं तोंड) आहे, २४ इंची, प्लॅटफॉर्मपासून १ मी. वर. तिथे ट्रायपॉड कुठे उभा करायचा?

तळोजा_प्रशिक्षक

नाहीच उभा करायचा. बाजूच्या मॅनवेला फ्लँजवर (तोंडाभोवतीच्या बोल्टांच्या कड्यावर) बसणारा ब्रॅकेट मिळतो, फ्लँजच्याच बोल्टांच्या भोकांत घट्ट होतो. मात्र तो त्या फ्लँजच्या मापाचा आणि माणसासाठी प्रमाणित हवा. दोर मॅनवेच्या ओठावर घासू नये म्हणून खाली रोलर. माणूस आडवा ओढून काढायचा असतो, त्यामुळे मनगटाचे पट्टे किंवा गुंडाळून ओढायचं स्ट्रेचर बाहेर तयार ठेवा.

आत ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) किंवा बॅफल (आडव्या येणाऱ्या पट्ट्या) असेल तर दोर त्यात गुंततो आणि उलट माणसालाच अडकवतो. अशा भांड्यात बाहेरून ओढून सुटका होणारच नाही हे मान्य करा. मग हवेच्या स्वतंत्र पुरवठ्याचं साधन घातलेली दोन प्रशिक्षित माणसं मॅनवेपाशी, काम संपेपर्यंत. ती माणसं नसतील त्या दिवशी परमिटवर (आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर) सही नको. ॲजिटेटरचा फ्यूज काढून कुलूप लावलेलं हवं, नुसता स्टॉप बटणाचा भरवसा चालत नाही. आणि सिलिंडर पाठीवर घेऊन २४ इंचातून कसंबसं जाता येतं, जुन्या १८ इंची मॅनवेतून नाही, तिथे एअरलाइन, म्हणजे बाहेरून नळीने मुखवट्यात हवा.

सानपाडा_ड्रेनेज

नवी मुंबईच्या बाजूच्यांनी एवढं बघावं: होल्डिंग पाँडला (पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याला) जोडलेल्या पावसाळी नाल्यांत आणि त्यांच्या चेंबरमध्ये भरतीला पाणी चढतं. कॅमेरा किंवा जेटिंगचं कामसुद्धा ओहोटी लागल्यावर धरा, भरतीची वेळ परमिटवर लिहा. कोरड्या दिसणाऱ्या चेंबरमध्ये भरतीच्या वेळी मागून हवा ढकलली जाते आणि तिच्यासोबत गॅसही येतो.

घोडबंदर_फॅसिलिटी

सगळं कमिटीपुढे ठेवलं. ठरलं ते असं: ख ला गाइड रेल, ग ला फक्त जेटिंग-सकर, क साठी तुळईचा ब्रॅकेट इंजिनिअरकडून, आणि एक ट्रायपॉड सुटकेसाठी आवारात कायम. शेवटचा प्रश्न: ट्रायपॉड वर्षातून दोनदाच निघेल, तर त्याची तपासणी काय आणि कुठे ठेवायचा?

तुर्भे_रिगर

एसटीपीच्या खोलीत ठेवू नका, तिथली हवा दोर आणि हुक दोन्ही खाते. कोरड्या खोलीत, किल्ली सिक्युरिटी केबिनमध्ये, कमिटी मेंबरच्या घरी नाही.

विंचचा वायर दोर वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून हातमोजा घालून सरकवा: तुटलेल्या तारा कापडाला अडकतात. मुरड पडलेला, तारा फुगून सुटलेला किंवा आत गंज दिसणारा दोर बदलायचा. हुकची जीभ दुहेरी हालचालीशिवाय उघडता कामा नये. हार्नेसचे शिवणीचे धागे वेगळ्या रंगाचे असतात, ते उसवलेत किंवा लेबल वाचता येत नसेल तर कापून टाका, म्हणजे पुन्हा कोणी घालणार नाही. फॉल अरेस्टरने एकदा पडणारा माणूस थांबवला की इंडिकेटर दिसतो. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कोणी उघडायचा नाही. सक्षम व्यक्तीकडून दर बारा महिन्यांनी तपासणी आणि तिचा कागद. टाकी धुण्याच्या आदल्या दिवशी दोन गोण्यांची उचल पुन्हा करा, आणि हँडल त्याच वॉचमनच्या हातात द्या जो दुसऱ्या दिवशी तोंडापाशी उभा राहणार आहे.